बर्लिन-वॉटर्लू, गाल्ट-प्रेस्टन: छोट्या गावांना विजेची ट्राम परवडली कशी आणि गेली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ओंटारिओतल्या किचनर-वॉटर्लूमध्ये आज 'आयन'ची विजेची गाडी धावते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीही इथे आणि शेजारच्या गाल्ट, प्रेस्टन, हेस्पेलरमध्ये विजेच्या ट्राम होत्या, असं ऐकिवात येतं. दहा हजारांच्या आतबाहेर वस्तीच्या गावांना हे परवडलं कसं, ती यंत्रणा चालायची कशी, बंद का पडली आणि आज तिचं काय शिल्लक आहे?

आधी नावं लावून घेऊ, नाहीतर जुने नकाशे वाचताना गोंधळ होतो. किचनरचं नाव १ सप्टेंबर १९१६ पर्यंत बर्लिन होतं. वस्ती मुख्यतः जर्मन वंशाची. पहिल्या महायुद्धात ते नाव नकोसं झालं आणि बदललं. गाल्ट, प्रेस्टन आणि हेस्पेलर ही तीन वेगळी गावं १९७३ च्या १ जानेवारीला एकत्र करून केंब्रिज झालं. म्हणजे ट्रामच्या कागदपत्रांत तुम्हाला केंब्रिज सापडणारच नाही, आणि १९१६ आधी किचनरही नाही. शिवाय या भागात शहराबाहेर जाणाऱ्या विजेच्या गाडीला 'रेडियल' म्हणत. शहरातली ती स्ट्रीट रेल्वे, गावोगाव जोडणारी ती रेडियल. हा फरक शेवटपर्यंत लक्षात ठेवा, कारण दोघींचं नशीब वेगवेगळं निघालं.

घटनाक्रम असा. बर्लिन अँड वॉटर्लू स्ट्रीट रेल्वेची घोड्यांची ट्राम १८८९ मध्ये किंग स्ट्रीटवर सुरू झाली आणि १८९५ मध्ये विजेवर आली. दक्षिणेला गाल्ट आणि प्रेस्टनमध्ये १८९४ मध्ये थेट विजेचीच गाडी आली, मध्ये घोडा नाहीच. दोनेक वर्षांत ती हेस्पेलरपर्यंत गेली. या दोन जाळ्यांमधली फट प्रेस्टन अँड बर्लिन स्ट्रीट रेल्वेने १९०४ मध्ये ग्रँड नदी ओलांडून, फ्रीपोर्टवरून भरून काढली. १९०८ मध्ये दक्षिणेकडचं जाळं कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या ताब्यात गेलं आणि पुढे ग्रँड रिव्हर रेल्वे या नावाने चाललं. बर्लिनची शहरी ट्राम मात्र त्याच सुमारास नगरपालिकेने घेतली. १९१६ मध्ये गाल्टच्या दक्षिणेला लेक एरी अँड नॉर्दर्न रेल्वे सुरू झाली, पॅरिस, ब्रँटफर्ड, सिम्को करत थेट एरी सरोवराकाठच्या पोर्ट डोव्हरपर्यंत. शहरी ट्राम डिसेंबर १९४६ मध्ये संपली. रेडियलची प्रवासी गाडी एप्रिल १९५५ पर्यंत टिकली, विजेवरची मालगाडी १९६१ पर्यंत, आणि रूळ तर आजही वापरात आहेत.

शेजारी-शेजारी, एकाच काळात, एकाच तंत्राने चाललेल्या या दोन गाड्यांपैकी एक इतकी आधी का गेली? ट्रामच्या इतिहासात सगळे प्रवासी मोजत बसतात. छोट्या गावात पाच सेंटच्या तिकिटावर ट्राम जगणं अवघडच. ती जगते ती दुसरं काहीतरी विकून. त्यामुळे कुठल्याही छोट्या गावाची ट्राम अभ्यासायला घेतलीत तर पहिला प्रश्न विचारा: ही कंपनी तिकिटाशिवाय काय विकत होती?

शेजारच्या ग्वेल्फमध्ये याचं सगळ्यात उघडं उदाहरण आहे. तिथली ट्राम १८९५ मध्ये जॉर्ज स्लीमन या बिअरच्या कारखानदाराने स्वतःच्या पैशाने काढली, आणि गाड्यांचा डेपो कारखान्याच्या जवळच. कामगार कामावर पोचणार, माल हलणार, गावातल्या लोकांना सोय होणार. हिशोब कागदावर बरा होता. कर्जाने मात्र खाल्लं, आणि १९०३ मध्ये ती शहराला घ्यावी लागली. १९३७ मध्ये ती बंद झाली.

बहुतेक ठिकाणी विकायची दुसरी वस्तू म्हणजे वीज. आपल्याकडे 'बेस्ट'च्या मूळ कंपनीचं नावच बघा: बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज, १९०५. 'सप्लाय' आधी, 'ट्रामवेज' नंतर. छोट्या गावात हे आणखी खरं होतं. वीजघरात बॉयलर, वाफेचं इंजिन आणि पट्ट्याने फिरणारा डायनामो एकदा बसवला की त्याचा भांडवली खर्च रोज चोवीस तास डोक्यावर असतो. दिव्यांचा भार फक्त संध्याकाळी. दिवसभर डायनामो निष्क्रिय ठेवण्यापेक्षा ट्राम चालवायची. युक्ती सुंदर, पण या अक्षांशावर तिला एक भोक आहे. डिसेंबरात इथे पावणेपाचच्या आसपास सूर्य मावळतो. कारखाने सुटतात पाच-सहाला. म्हणजे नेमक्या त्याच दीड-दोन तासांत घरोघरी दिवे लागलेले आणि सगळ्या ट्राम कामगारांनी भरून, एकदम सुरू होणाऱ्या. ट्राम थांब्यावरून निघाली की दुकानातला दिवा मंद व्हायचा, याचं कारण हे. त्यावर उपाय म्हणजे दिव्यांना वेगळं जनित्र आणि ट्रामला वेगळं. मग बचतीचा मूळ मुद्दाच निम्मा उडतो.

बर्लिनचं या बाबतीत नशीब चांगलं. नायगाराची वीज सार्वजनिक मालकीतून गावोगाव पोचवण्याची चळवळ याच भागात रुजली, आणि ११ ऑक्टोबर १९१० ला अ‍ॅडम बेक यांच्या हायड्रो कमिशनच्या, म्हणजे ओंटारिओच्या सरकारी वीज मंडळाच्या, विजेचा समारंभपूर्वक आरंभ बर्लिनमध्येच झाला. एक लाख दहा हजार व्होल्टची वाहिनी, आणि वीज २५ सायकलची, म्हणजे सेकंदाला २५ आवर्तनांची एसी. घरच्या दिव्याला २५ सायकल वाईट. दिवा डोळ्याला जाणवेल असा थरथरतो. पण ट्रामला डीसी लागतो, आणि एसीचा डीसी करणारं त्या काळचं फिरतं यंत्र, म्हणजे रोटरी कन्व्हर्टर, २५ सायकलवर फारच गुणी वागतं. कमी फ्रीक्वेन्सीला कमी ध्रुव पुरतात, कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर टेकतात त्या फिरत्या तांब्याच्या पट्ट्या) ब्रशांच्या ओळींत अंतर जास्त राहतं आणि भार अचानक बदलला तरी ठिणगी एका ओळीवरून दुसरीवर झेपावत नाही. ६० सायकलवर तेच यंत्र चिडचिडं होतं. दक्षिण ओंटारिओ २५ वरून ६० वर गेला तो १९४९ ते १९५९ या काळात. तोवर शहरी ट्राम गेलेली होती.

आता यंत्रणा चालायची कशी. ट्राम चालवण्यातली निम्मी अक्कल गाडीत नाही, तारेत आणि रुळात आहे.

तारेत साधारण ६०० व्होल्ट डीसी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीसेक मीटरवर खांब, त्यांच्यामध्ये आडवी ताण-तार, तिला इन्सुलेटरमधून टांगलेली तांब्याची ट्रॉली-तार, रुळापासून साडेपाच मीटरच्या वर. वीज तारेतून गाडीच्या छपरावरच्या दांड्यावाटे गाडीत येते आणि चाकांतून रुळावाटे वीजघराकडे परत जाते. परतीची वाट बहुतेक लोक विसरतात आणि सगळी दुखणी तिथेच असतात.

आकड्यांत बघा. २/० मापाची तांब्याची तार, साधारण ६७ चौरस मिलिमीटरची, किलोमीटरला सुमारे ०.२६ ओहम रोध देते. चाळीस अश्वशक्तीच्या दोन मोटारींची गाडी जोरात असताना शंभर अँपिअर घेते असं धरा. वीजघरापासून पाच किलोमीटरवर तारेतच १३० व्होल्ट गळतात. वाराला साठ पौंड वजनाच्या दोन रुळांचा रोध त्या मानाने किरकोळ, किलोमीटरला ०.०२६ ओहमच्या आसपास. म्हणजे आणखी १३ व्होल्ट. गाडीला मिळाले साडेचारशे. त्याच टोकाला दुसरी गाडीही त्याच वेळी निघाली तर तीनशेच्या वर थोडेसेच. आपल्याकडे फीडरच्या टोकाला असलेल्या शेतीपंपाची जी गत होते तीच. म्हणून खांबांवर ट्रॉली-तारेच्या बरोबरीने जाड फीडर केबल ओढतात आणि ठराविक अंतरावर तारेला जोडतात. जुन्या फोटोत खांबाच्या डोक्याजवळ रस्त्याला समांतर जाणारी जाड केबल दिसली तर समजा की तुम्ही वीजघरापासून लांब आहात.

वर रुळाचा रोध किरकोळ धरला, पण तो रूळ अखंड असेल तर. तेव्हाचे रूळ तीस फुटी. दर किलोमीटरला दोन्ही रुळांचे मिळून साधारण २१८ जोड. फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी पट्टी, नटबोल्टने घट्ट बसली तरी गंजामुळे वीज नीट ओलांडत नाही. त्यामुळे प्रत्येक जोडावर तांब्याचा बाँड लागतो: रुळाच्या पोटात भोक पाडून, भोक चकचकीत घासून, त्यात बाँडचं टोक दाबून बसवलेलं. भोक पाडून ठेवलं आणि बाँड दुसऱ्या दिवशी बसवला, एवढ्या आळसाने तो बाँड निकामी होतो. रात्रीत गंजाचा पापुद्रा धरतो. वरून गाड्यांचा दणका आणि हिवाळ्यात सांध्यांवर फेकलेलं मीठ. वर्षा-दोन वर्षांत शेकड्याने बाँड सुटतात.

बाँड सुटला तर वीज थांबत नाही, ती दुसरी वाट शोधते. रस्त्याखालची पाण्याची बिडाची नळी ही तिला आयती सापडते. नळीत वीज शिरते तिथे काही होत नाही. वीजघराजवळ ती नळीतून बाहेर पडून रुळाकडे जाते, तिथे लोखंड विरघळतं. हिशोब ठरलेला आहे: एक अँपिअर वर्षभर बाहेर पडत राहिला तर नऊ किलोच्या वर लोखंड खातो, आणि शिशाचं आवरण असेल तर चौतीस किलोच्या आसपास शिसं. त्यामुळे नळ फुटतो तो ट्रामच्या शेवटच्या टोकाला नाही, वीजघराच्या आसपास. पाणीखातं आणि ट्राम कंपनी यांची भांडणं गावोगाव झाली ती यावरून. उपाय दोनच. बाँड तपासत राहणं: चालू लाइनवर मिलिव्होल्टमीटर घेऊन जोडावरचा फरक आणि शेजारच्या सलग रुळावरचा फरक ताडून बघायचा, जोड तीन-चार फूट सलग रुळाएवढा निघाला तर ठीक, त्याहून बराच जास्त तर बदला. आणि दुसरा, वीजघराच्या निगेटिव्ह बाजूपासून रुळांपर्यंत ठिकठिकाणी जाड परतीच्या केबली. दोन्हींत तांबं आहे, म्हणजे पैसा आहे, आणि छोट्या कंपनीकडे नेमका तोच नसे. आता रस्त्यात पुरलेल्या रुळाभोवती रबराचं वेष्टण घालायची पद्धत आहे. ती याच जुन्या भांडणातून आली.

गाडीच्या पुढच्या फळीवर मोटरमनसमोर पितळी दांड्याचा उभा डबा असतो, तो कंट्रोलर. चाळीस अश्वशक्तीच्या दोन मोटारींसाठी के-१० हा प्रकार उत्तर अमेरिकेत सर्रास दिसे: नऊ खाचा, पहिल्या पाच सिरीजच्या, पुढच्या चार पॅरललच्या. सिरीजमध्ये दोन्ही मोटारी एकामागे एक जोडलेल्या, प्रत्येकीला अर्धा दाब. वर लोखंडी जाळ्यांचा रोध, जो प्रत्येक खाचेला कमी होत जातो. पाचव्या खाचेला रोध पूर्ण निघाला की गाडी आरामात निम्म्या वेगाने चालते. मग पॅरलल, म्हणजे प्रत्येक मोटारीला पूर्ण दाब, पुन्हा रोध, पुन्हा काढत नववी खाच. सतत उभं राहायच्या खाचा दोनच, पाचवी आणि नववी. नवशिका मोटरमन तिसरीवर रेंगाळला की गाडीखालच्या जाळ्या लाल होतात आणि लाकडी फळीचा जळका वास येतो. वेग येण्याआधी घाईने पॅरललमध्ये गेला की डोक्यावरचा ब्रेकर बंदुकीसारखा उडतो आणि प्रवासी दचकतात. बंद करताना उलट नियम: दांडा एका झटक्यात शून्यावर. हळूहळू मागे आणला तर आतल्या तांब्याच्या बोटांवर ठिणगी रेंगाळते आणि ती जळतात. डबा उघडून बोटं किती जळली आहेत एवढं पाहिलं तरी फोरमनला मोटरमनचा हात कळायचा.

छोट्या गावात रूळ एकेरी. कोकण रेल्वेने गेलेल्याला क्रॉसिंगसाठी ताटकळणं म्हणजे काय ते सांगायला नको. गणित मात्र सोपं आहे. समजा पाच किलोमीटरचा मार्ग, सरासरी वेग ताशी बारा. एका दिशेला २५ मिनिटं, टोकाला छपरावरचा दांडा फिरवायला आणि दम घ्यायला ५. फेरी एक तासाची. चार गाड्या लावल्या तर दर पंधरा मिनिटांना गाडी. समोरासमोरच्या गाड्या भेटतात निम्म्या वेळेने, साडेसात मिनिटांवर, म्हणजे एकमेकींना वाट द्यायचे बाजूचे रूळ, लूप, दीड किलोमीटरवर हवेत. आता पाचवी गाडी वाढवायची म्हटलं तर बारा मिनिटांना गाडी, भेटी सहा मिनिटांवर, लूप सव्वा किलोमीटरवर. तिथे तर लूपच नाही! म्हणून कारखाना सुटायच्या वेळी वेळापत्रक न बदलता गाडीमागे लगेच दुसरी गाडी सोडत, आणि लूप दोन गाड्या मावतील एवढा लांब ठेवत. जुन्या फोटोत दोन ट्राम एकमेकींना चिकटून उभ्या दिसल्या तर ती गर्दीची वेळ आहे, अपघात नाही. आणि एक गाडी पाच मिनिटं अडकली की दोन्ही दिशांच्या सगळ्याच गाड्यांचं वेळापत्रक कोसळतं. एकेरी ट्रामबद्दल लोकांची तक्रार नेहमी 'वेळेवर येत नाही' अशीच का असते, ते यावरून कळेल.

हिवाळा हा तर वेगळाच खर्च. साधा बर्फ त्रास देतो, पण खरा शत्रू तारेवर गोठणारा पाऊस. बर्फाच्या सालीवर दांड्याचं चाक टेकत नाही, ठिणग्या उडतात, तांब्याला खड्डे पडतात. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रात्रभर रिकाम्या गाड्या फिरवत राहायच्या, तारेवर थर जमूच द्यायचा नाही. रुळांसाठी स्वीपर: दोन्ही टोकांना तिरके बसवलेले, मोटारीने फिरणारे वेताचे मोठे गोल झाडू. होय, वेतच, तार किंवा घोड्याचा केस यापेक्षा वेत ओल्या बर्फात टिकतो. वर्षातले काही आठवडे लागणारी ही गाडी बाकीचे महिने शेडमध्ये व्याज खात उभी. आणि झाडूने उडवलेला बर्फ दुकानांच्या दारात जातो, त्याचं भांडण वेगळं.

आता मूळ प्रश्नाकडे, शहरी ट्राम आधी का गेली. गावाने कंपनीला दिलेल्या सनदेनुसार तिकीट बांधलेलं. सनदांत नेहमीचं कलम असं की रुळांमधली आणि रुळांबाहेरची दीडएक फूट पट्टी कंपनीने फरसबंद ठेवायची. घोड्यांच्या काळात यात तर्क होता, कारण घोड्यांचे खूर रस्ता खणत. विजेच्या ट्रामला खूर नाहीत, कलम राहिलं. पुढे तीच फरसबंदी मोटारी वापरू लागल्या आणि तिचा खर्च ट्रामच्या हिशोबात. पहिल्या महायुद्धात तांबं, पोलाद, मजुरी सगळं चढलं. १९१६ पासून बर्नी नावाची हलकी, एका माणसाने चालवायची ट्राम बाजारात आली. कंडक्टरचा पगार वाचला, छोट्या गावांचे प्राण काही वर्षं लांबले. पण चारच चाकांची ती बुटकी गाडी वेगात घोड्यासारखी उड्या मारायची आणि हलकी असल्याने बर्फात रुतायची. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आणि टायर रेशनवर गेले तेव्हा ट्राम पुन्हा भरून वाहू लागल्या, आणि दुरुस्ती मात्र पुढे ढकलली गेली. १९४६ मध्ये किंग स्ट्रीटवर प्रश्न 'ट्राम हवी का' असा नव्हताच. झिजलेले रूळ रस्त्यासकट नव्याने घालायचे का, एवढाच होता.

किचनरने त्यावर काढलेलं उत्तर मला शहाणपणाचं वाटतं. १ जानेवारी १९४७ पासून ट्रॉलीबस. खांब तेच, सबस्टेशन तेच, फीडर तेच. परतीसाठी रुळाऐवजी वर दुसरी तार. रूळ, बाँड, फरसबंदी आणि फुटणारे नळ, चारही दुखणी एका फटक्यात गेली. वीज विकणारी आणि बस चालवणारी संस्था एकच सार्वजनिक मंडळ होतं, म्हणून हे सुचलं आणि जमलं. ट्रॉलीबस १९७३ पर्यंत चालली. ट्राम बंद पडण्याचं खापर सरसकट मोटार कंपन्यांच्या कटावर फोडणाऱ्यांनी ही तारीख बघावी: ट्रामची जागा इथे आधी विजेनेच घेतली.

आणि रेडियल टिकली ती मालामुळे. नकाशा बघा. बर्लिनमध्ये १८५६ पासून ग्रँड ट्रंक रेल्वे, आणि रबर, फर्निचर, बटणं, कातडी यांचे कारखाने. कॅनेडियन पॅसिफिकची लाइन गाल्टवरून जाते, बर्लिनला शिवत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या गावातला माल उचलायचा तर नवी लाइन टाका, किंवा तयार असलेली विजेची ट्राम घ्या. १९०८ चा व्यवहार हा आहे. ट्राम हा कॅनेडियन पॅसिफिकचा बर्लिनमध्ये शिरायचा चोरदरवाजा होता.

पण हे जमायला रूळ आधीपासून तसा हवा. रस्त्यातल्या खाचेच्या रुळात ट्रामच्या चाकाची बुटकी कड बसते. मालडब्याच्या चाकाची कड खोल आणि धाव रुंद, ती खाचेत तळाला टेकते आणि फरसबंदीवर चढते. शिवाय ट्राम बारा मीटर त्रिज्येच्या वळणावर लीलया वळते. मालडब्याला त्याच्या तिप्पट-चौपट त्रिज्या लागते, नाहीतर कपलर एकमेकांवर दाबून डबा उतरतो. म्हणून ज्या रेडियलने सुरुवातीपासून साधा टी-रूळ (रेल्वेचा नेहमीचा, बिनखाचेचा) आणि मोकळी वळणं ठेवली तिला मालाचं भविष्य होतं. बाकीच्यांना पुढे मालासाठी वेगळी वाट काढावी लागली. एखाद्या गावाची ट्राम का मेली हे शोधताना मी वळणांची त्रिज्या आणि रुळाचा छेद आधी बघतो, ताळेबंद नंतर.

१९२१ मध्ये ग्रँड रिव्हरने दाब ६०० वरून १५०० व्होल्टवर नेला; लेक एरी अँड नॉर्दर्न आधीपासून १५०० वर होतीच. वरचं गणित पुन्हा करा: तेवढीच शक्ती, प्रवाह १०० ऐवजी ४० अँपिअर, पाच किलोमीटरवर गळती १३० ऐवजी ५२ व्होल्ट आणि तीही दीड हजारातून. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज सव्वासहा पटीने कमी. जड मालगाडी विजेवर ओढणं त्यामुळे परवडलं. या जाळ्यासाठी पोलादी गाड्या बांधल्या त्याही प्रेस्टन गावातच. प्रेस्टन कार अँड कोच हा कारखाना १९०८ मध्ये निघाला, १९२१ मध्ये ब्रिल या अमेरिकन ट्राम बांधणाऱ्या कंपनीने घेतला आणि १९२३ मध्ये बंद झाला. खनिज पाण्याच्या झऱ्यांवर उभी राहिलेली हॉटेलं आणि ट्रामचा कारखाना, एवढंसं ते गाव.

आज काय दिसतं, आणि काय दिसतं असं वाटून फसायला होतं, तेही सांगून ठेवतो.   प्रेस्टन अँड बर्लिन नावाच्या कंपन्या दोन होत्या: एक १८५७ ची वाफेची रेल्वे, जिचा ग्रँड नदीवरचा पूल काही महिन्यांतच बर्फाने नेला, आणि दुसरी १९०४ ची विजेची. निर्देशसूचीत 'स्ट्रीट' हा शब्द आहे की नाही ते पाहिल्याशिवाय पान उघडू नका. तसंच, आयनची गाडी विद्यापीठाकडे ज्या वाटेने जाते तो वॉटर्लू स्परही जुन्या ट्रामचा नाही, एल्मायराच्या वाफेच्या फाट्याचा. तिथे रात्री अजून मालगाडी जाते. मालडबे आयनच्या गाडीपेक्षा रुंद असल्याने काही स्थानकांपाशी रुळांची जोडी दुसऱ्या जोडीत गुंफून मालगाडी फलाटापासून थोडी लांब सरकवली आहे. बघण्यासारखी चीज आहे.

विजेच्या रेडियलचा खरा वारस म्हणजे कॅनेडियन पॅसिफिकची वॉटर्लू सबडिव्हिजन, गाल्टकडून किचनरकडे येणारी. टोयोटाच्या केंब्रिज कारखान्याच्या मोटारी तिच्यावरूनच निघतात. आणि गंमत अशी की २१ जून २०१९ ला सुरू झालेली आयनची १९ किलोमीटरची लाइन किचनरच्या फेअरवेला थांबते. तिथून केंब्रिजला जायला सध्या बस. १९०४ मध्ये जो तुकडा विजेच्या गाडीने जोडला होता, नेमका तोच.

जुने फोटो घेऊन जागा पटवायची असेल तर विटांच्या जुन्या भिंतीवर पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या मध्ये लोखंडी फूल किंवा जाड कडी आहे का बघा. खांबाऐवजी भिंतीला ताण-तार बांधलेली असायची, ती काढली तरी कडी राहते. डांबरात रस्त्याच्या लांबीने जाणाऱ्या, पावणेपाच फुटांच्या अंतरावरच्या समांतर भेगा दिसल्या तर खाली रूळ किंवा त्यांच्या स्लीपर असण्याची दाट शक्यता. विमा कंपन्यांसाठी चार्ल्स गोड (Goad) या नकाशाकाराने काढलेल्या नकाशांत डेपो, वीजघर आणि लूप मोजमापासकट मिळतात; रस्त्यावर हिंडण्याआधी ते बघितले तर दिवस वाचतो. प्रत्यक्ष जुन्या गाड्या चालताना बघायच्या तर रॉकवुडजवळचं हॉल्टन काउंटी रेडियल म्युझियम, टोरांटो-ग्वेल्फ या १९१७ ते १९३१ चाललेल्या रेडियलच्या वाटेवरच आहे. फक्त तिथे टेप लावून रुळांचं अंतर मोजू नका आणि मोजलंत तर गाल्ट-प्रेस्टनच्या टिपणात लिहू नका: टोरांटोच्या गाड्या चालाव्यात म्हणून तिथलं अंतर १४९५ मिलिमीटर ठेवलं आहे, नेहमीच्या १४३५ पेक्षा साठ मिलिमीटर जास्त.